पुंगळी, गुंज आणि तीन शतांश मिलिमीटर

माझा मावसभाऊ टेक्सासात राहतो. रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा तिकडे शनिवारची रात्र असते आणि तो गॅरेजमध्ये बसलेला असतो. समोर टेबलाला बोल्टने आवळलेलं एक यंत्र. आपला सोऱ्या उभा करून त्याला लांब दांडा लावला तर दिसेल तसं. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी त्यात ठेवायची आणि दांडा ओढायचा. बुडातली जळकी टोपी, म्हणजे पिनेच्या ठोक्यानं पेटून दारू पेटवणारी छोटी वाटी, निघून पडते, फुगलेलं तोंड मूळ मापावर येतं. मग नवी टोपी, काट्यावर तोललेली बंदुकीची दारू आणि वर गोळी. "एक पुंगळी सहा-सात वेळा चालते रे," तो म्हणतो. पैसे वाचतात हे खरं, पण त्याचा खरा सोस वेगळा आहे. त्याला प्रत्येक काडतूस आधीच्यासारखंच हवं असतं.

मी बालेवाडीच्या रेंजवर हौस म्हणून दहा मीटर एअर रायफल मारतो. कॉल संपला की माझेही हात शिवशिवतात. पण आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम आहे. परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा, मग ते घरच्या टेबलावर हौसेनं भरलेलं एकच का असेना. पुण्यात काडतुसं बनतात ती खडकीत, सरकारी कारखान्यात, १८६९पासून. त्यामुळे या छंदातलं मला जे जमतं ते एवढंच, त्यामागचं विज्ञान समजून घेणं. आणि ते यंत्रापेक्षा जास्त रंगतदार निघालं.

सुरुवात पुंगळीच्या पितळेपासून. साधारण सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. बार उडाला की पुंगळी क्षणभर फुगते, नळीच्या मागच्या घराला घट्ट चिकटते आणि गरम वायू मागे, म्हणजे नेमबाजाच्या तोंडाकडे, येऊ देत नाही. दाब उतरला की किंचित आक्रसते, म्हणून सहज बाहेर निघते. फुगणं आणि परतणं दोन्ही जमणारा धातू हवा, म्हणून पितळ. पण दर वेळी फुगून, दाबून पितळ कडक होत जातं आणि शेवटी तोंडाशी चिरतं. कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे रोज ऐकू येतं. मठारकामाचे ठोके बसतात तसा पत्रा कडक होतो. भांडं घडवताना तो फार ताठरला की कारागीर भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतो. ठोक्यांनी धातूच्या स्फटिकांत गुंता होतो, उष्णतेनं तो सुटतो. माझा भाऊ पुंगळीचं फक्त तोंड तापवतो. बूड मऊ पडलं तर दाब सोसणार नाही.

याच पितळेनं ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानात कोड्यात टाकलं होतं. पावसाळ्यात तबेल्याजवळ साठवलेली, कधीही न झाडलेली काडतुसं आपोआप तडकत. दारू ठीक, तरी तोंडाशी चिरा. कारण निघालं घोड्यांचं मूत्र. त्यातून सुटणारा अमोनिया, पावसाळी दमट हवा आणि घडवताना पितळेत अडकून राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ फुटतं. यातलं एक काढून घेतलं तरी फुटत नाही. याचा नीट उलगडा १९२१मध्ये झाला. घडवून झालेल्या पुंगळीला हलकी आंच देऊन आतला ताण घालवणं, हा त्यावरचा उपाय.

दारूचं म्हणाल तर ती फुटत नाही, जळते. आणि पृष्ठभागावरूनच जळते. म्हणून तिच्या दाण्याचा आकार महत्त्वाचा. काही दाणे बारीक नळीसारखे, मधून भोक असलेले असतात. बाहेरून जळताना पृष्ठभाग घटतो, आतलं भोक मात्र रुंदावत जातं, त्यामुळे जळणारं क्षेत्र जवळपास तेवढंच राहतं आणि गोळीला एकसारखा रेटा मिळतो. धोका असा की दाब वाढला की दारू आणखी वेगानं जळते, त्यानं दाब आणखी वाढतो. असा कुकर डोळ्यांसमोर आणा, ज्यात वाफ कोंडली की खालचा गॅस आपोआप मोठा होतो. चुकून एका पुंगळीत दोनदा दारू पडली तर बंदूक हातात फुटू शकते. भाऊ दारू भरताना फोन उचलत नाही, ते यामुळे.

त्याचं माप ग्रेन. हा परका वाटतो, पण आपला तोळा बरोबर १८० ग्रेनचा आणि तोळ्यात ९६ गुंजा. म्हणजे गुंज जेमतेम पावणेदोन-दोन ग्रेन. भाऊ ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतो. गुंजेवर सोनं तोलणाऱ्या सोनारानंही तोंडात बोट घातलं असतं.

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारातलं .२२चं काडतूस व्यवहारात पुन्हा भरताच येत नाही. त्याला वेगळी टोपीच नसते. पेट घेणारा मसाला बुडाच्या दुमडलेल्या कडेत असतो, पिन ती कडच चेपते. झालं, पुंगळी भंगारात. तिथे एकसारखेपणा विकत घ्यावा लागतो: वेगवेगळ्या बॅचची काडतुसं आणायची, रायफल शिकंजात आवळायची, प्रत्येक बॅचचे गट, म्हणजे एकाच नेमावर लागोपाठ काही गोळ्या, मारून पाहायचे आणि जिची भोकं सर्वांत जवळजवळ पडतील ती उचलायची.

मग मी ठरवलं की माझ्या पेलेटच्या, म्हणजे एअर रायफलच्या छोट्या गोळीच्या, बाबतीत तरी काहीतरी करायचं. पाचशेचा डबा आणि मिलिग्रॅम दाखवणारा काटा घेऊन जेवणाच्या टेबलावर बसलो. पंखा चालू असला की काट्यावरचा शेवटचा आकडा नाचतो, म्हणून एप्रिलमध्ये पंखा बंद. पेलेट शिशाचं, म्हणून आईनं आधी टेबलावर वर्तमानपत्र अंथरायला लावलं आणि उठल्यावर साबणानं हात धुवायला पाठवलं. बरोबरच होतं तिचं. दोन संध्याकाळी एकेक उचलून तोललं. एक पेलेट सुमारे ०.५३ ग्रॅम, साडेचार गुंजांना थोडं कमी. कमरेत बारीक, मागे पोकळ घेर. हवेच्या दाबानं तो घेर पसरून नळीच्या आतल्या पीळदार आट्यांना घट्ट धरतो. भिंगातून पाहिलं तर काहींचा घेर एका बाजूला चेपलेला. ते बाजूला काढले. बाकीच्यांच्या वजनांत एक-दोन मिलिग्रॅमचा फरक. वजनानुसार त्यांच्या वेगवेगळ्या वाट्या केल्या.

गणित मी नंतर केलं, आधी करायला हवं होतं. पेलेट सेकंदाला सुमारे १७० मीटरनं सुटतं, दहा मीटरला ०.०६ सेकंद लागतो, तेवढ्यात ते १.७ सेंटिमीटर खाली येतं. वेगात एक मीटरचा फरक पडला तर ०.२ मिलिमीटर वर-खाली. या लक्ष्यावर गुण दशांशात मोजतात आणि एक दशांश ०.२५ मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास एक दशांश हातचा गेला. पण वजनातल्या एका मिलिग्रॅमनं वेग सेकंदाला सुमारे ०.१६ मीटर बदलतो. लक्ष्यावर त्याचे होतात तीन शतांश मिलिमीटर. दोन संध्याकाळी, पंखा बंद, घामाघूम, आणि हाती एवढंच!

चेपलेल्या घेरांची पेलेट वेगळी मारून पाहिली तेव्हा मात्र गट उघड उघड फाकला. डोळ्यांनी दोन मिनिटांत झालं असतं ते काम. पुढच्या रविवारी भावाला सगळं सांगितलं. तो हसला नाही, त्यानं एवढंच विचारलं, "आणि ट्रिगर दाबताना तुझा हात किती मिलिमीटर हलतो रे?"