होमस्टेड : कारखाना गेल्यावर इतिहास कोणी राखला?

अमेरिकेत पिट्सबर्गजवळ, मोनोंगाहेला नदीच्या काठी होमस्टेडचा पोलाद कारखाना होता. 1883 मध्ये तो उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीने विकत घेतला, 1901 पासून तो यू. एस. स्टील या कंपनीचा झाला आणि 1986 मध्ये कायमचा बंद पडला. जागा मोकळी करून 1999 मध्ये तिथे ‘वॉटरफ्रंट’ हे खरेदी संकुल उभे राहिले. विटांच्या 12 चिमण्या तेवढ्या शिल्लक ठेवल्या. नुसत्या चिमण्या बघून इथे काय घडले ते कुणालाही कळणार नाही.

घडले ते 1892 मध्ये. वेतनाचा करार संपत आला तेव्हा व्यवस्थापक हेन्री क्ले फ्रिकने कारखान्याभोवती उंच कुंपण घातले आणि टाळेबंदी केली; कामगार संपावर गेले. 6 जुलैच्या पहाटे पिंकर्टन कंपनीचे सुमारे 300 सशस्त्र रखवालदार दोन पडावांतून कारखान्याच्या पंप हाउसपाशी आले. कामगार आणि गावकरी काठावर जमले, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे मेली. रखवालदारांना शरण यावे लागले, पण पाठोपाठ राज्याचे सैन्य आले आणि नोव्हेंबरपर्यंत संप मोडला. यू. एस. स्टीलने युनियनला मान्यता दिली ती थेट 1937 मध्ये.

कार्नेगीने 1898 मध्ये गावाला देखणे वाचनालय दिले, पोहण्याच्या तलावासकट. ते आजही चालू आहे. पण बारा-बारा तास राबणाऱ्या माणसाने तिथे जायचे कधी, हा प्रश्न त्या इमारतीसोबतच सांगायला हवा.

म्हणूनच मला बोस्ट बिल्डिंग जास्त मोलाची वाटते. संपाच्या थोडेच आधी बांधलेले हे साधे हॉटेल. लढ्याची सूत्रे याच्याच तिसऱ्या मजल्यावरून हलली आणि बाहेरगावच्या बातमीदारांनीही इथेच मुक्काम ठोकला. 1999 मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. आता ‘रिव्हर्स ऑफ स्टील’ या संस्थेचे संग्रहालय तिथे आहे. पंप हाउसही वाचले आहे.

नदीपलीकडे रँकिनला कॅरी कारखान्याच्या 6 आणि 7 क्रमांकाच्या झोतभट्ट्या उभ्या आहेत. 1907 च्या, 92 फूट उंच. वरून खनिज, कोक (दगडी कोळशापासून केलेले इंधन) आणि चुनखडी टाकायची, खालून तापवलेल्या हवेचा झोत सोडायचा आणि तळाशी साचलेला लोखंडाचा रस रेल्वेच्या वाघिणींतून पुलावरून होमस्टेडला न्यायचा. 1978 मध्ये या भट्ट्या विझल्या. ओसाड आवारात कलाकारांनी 1990 च्या दशकाअखेरीस गंजक्या नळ्या आणि तारांतून हरणाचे प्रचंड डोके उभारले. भट्ट्यांना राष्ट्रीय दर्जा मिळाला तो 2006 मध्ये. इथे माहिती देणाऱ्यांत जुने कामगारही असतात. लोखंड कसे ओतायचे, हे स्वतः ओतलेल्या माणसाकडून ऐकण्याची सर कोणत्याच फलकाला नाही.

होमस्टेडच्या लोअर वॉर्ड या वस्तीचे मात्र काहीच राहिले नाही. रेल्वे रुळांच्या खालच्या बाजूच्या या भागात पूर्व युरोपातून आलेली आणि कृष्णवर्णीय कामगारांची कुटुंबे राहत असत. युद्धासाठी पोलाद हवे म्हणून 1941 मध्ये कारखाना वाढवायचा ठरला आणि सुमारे 8,000 माणसांना उठवून घरे, चर्च, दुकाने पाडली गेली. त्या काळी कुणाला ती जपण्याजोगी वाटली नाहीत. चिमण्यांच्या वाट्याला आली तेवढी जागा आणि तेवढे फलक या वस्तीच्या वाट्यालाही यायला हवेत.