ठसा खरा, अंगठा गैरहजर

लंडनच्या डेप्टफर्ड भागात झालेल्या दुहेरी खुनात पैशांच्या डब्यावर अंगठ्याचा ठसा सापडला आणि त्यावरून १९०५ साली स्ट्रॅटन बंधूंना फाशी झाली. ठसा म्हणजे निर्विवाद पुरावा, असा विश्वास तेव्हा रुजत होता. दोनच वर्षांनी रिचर्ड ऑस्टिन फ्रीमन या डॉक्टर-लेखकाने ‘द रेड थम्ब मार्क’ कादंबरीत त्या विश्वासालाच हात घातला. तिजोरीतून हिरे गायब होतात, आत रक्ताचा ठसा मिळतो आणि तो निरपराध तरुणाच्या अंगठ्याशी बरोबर जुळतो.

ठसा बनवण्याची युक्ती छपाईच्या धंद्यातली. जिलेटिनच्या पातळ थरात पोटॅशियम बायक्रोमेट मुरवून तो अंधारात वाळवायचा. त्यावर ठशाची निगेटिव्ह ठेवून उजेड द्यायचा. निगेटिव्हमध्ये ठशाच्या रेषा पारदर्शक असतात, त्यामुळे उजेड त्यांच्याखालीच पोचतो आणि तिथलं जिलेटिन कडक होतं. कोमट पाण्याने बाकीचं धुऊन जातं, रेषा उठून राहतात. झाला शिक्का! उजेड कमी पडला तर रेषाही विरघळतात, आणि निगेटिव्ह पालथी ठेवायची राहिली तर ठसा उलटा उमटतो.

पण शिक्का मूळ ठशातली खोटही जशीच्या तशी उतरवतो. कादंबरीत मूळ ठसा घेताना मध्ये कागदाचा एक तंतू आलेला असतो, म्हणून ‘एस’च्या आकाराची जागा कोरी राहते. तीच कोरी जागा तिजोरीतल्या ठशात दिसते आणि कादंबरीतले तपासनीस डॉ. थॉर्नडाइक बनाव उघडा पाडतात. खऱ्या अंगठ्याचा दाब दर वेळी बदलतो, कातडी ताणली जाते, घाम कमीजास्त असतो. त्यामुळे दोन ठसे हुबेहूब सारखे निघाले, तर तिथेच शंका घ्यावी. फ्रीमन यांचं हे निरीक्षण मला त्यांच्या कथानकांपेक्षाही मोलाचं वाटतं.

कथानकांचा प्रभावही मोठा आहेच: १९१२च्या ‘द सिंगिंग बोन’ या कथासंग्रहात त्यांनी आधी गुन्हा दाखवला, मग तपास, ‘कोलंबो’ या अमेरिकी टीव्ही मालिकेची रचना तशीच आहे.

२००२ मध्ये योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठातल्या त्सुतोमु मात्सुमोतो यांच्या गटाने काचेवरच्या ठशाचा फोटो घेतला, तो उजेडाने कोरता येणाऱ्या सर्किट बोर्डवर उतरवला आणि त्या साच्यात जिलेटिन ओतलं. ओलाव्यामुळे जिलेटिन ठसे ओळखणाऱ्या यंत्राच्या सेन्सरला कातडीसारखंच भासतं. यंत्रांनी बहुतेक वेळा ही बोटं खरी मानली. नकली ठशांचा हा धोका ओळखूनच २०२३ पासून आधारची यंत्रणा रेषांच्या जुळणीबरोबर बोटाची प्रतिमाही तपासते, म्हणजे समोरचं बोट जिवंत आहे की नाही ते कळावं.