फुलदाणी दुधाच्या पातेल्यासारखी घासा
(दुकानातून फुलं नेणाऱ्यांसाठी)

“काल नेलेल्या गुलाबांनी आज माना टाकल्या. शिळे दिलेत का?” हा प्रश्न आम्हाला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो, आणि मार्च लागला की जवळजवळ रोज. चूक आमची असेल तर फुलं बदलून देतो. पण पुष्कळदा फुलं ताजीच असतात, फक्त तहानलेली. फुलदाणी काठोकाठ भरलेली असते, तरीही.

त्याचं असं होतं. आमचे डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन मावळातल्या पॉलिहाऊसमधून येतात. गुलछडी, शेवंती, ॲस्टर पुण्यातल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून. दुकानातून तुमच्या घरापर्यंतही देठ कोरडाच असतो. कापलेल्या टोकातून देठातल्या बारीक नळ्यांत हवा शिरते आणि बूच मारल्यासारखी अडकून बसते. म्हणून घरी पोचल्यावर आधी देठाचं टोक दोनेक सेंटिमीटर कापून टाका. सुरी धारदार हवी. बोथट कात्रीने देठ चेपतो. गुलाबाचा देठ तर पाण्यात बुडवून पाण्यातच कापा. तिरका काप देतात तो मुख्यतः देठ तळाला सपाट टेकून त्याचं तोंड बंद होऊ नये म्हणून.

दुसरं बूच जिवाणूंचं, आणि घरोघरी फुलं लवकर सुकतात ती बहुतेक यानेच. पाणी गढूळ झालं, देठ बुळबुळीत लागला की समजा नळ्या तुंबल्या. गेल्या वेळच्या फुलदाणीत नुसतं पाणी खळबळून नवीन फुलं ठेवू नका. साबण लावून आतून घासा. पाण्याखाली एकही पान राहू देऊ नका, ते कुजतं. पाणी उन्हाळ्यात रोज बदला, थंडीत एक दिवसाआड. दर वेळी टोक थोडं कापा.

मोठ्या गुच्छासोबत आम्ही फुलं टिकवणाऱ्या पावडरची पुडी देतो. ती पुडीवर छापलेल्या मापाच्या पाण्यातच घाला. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि शेवटी अर्धा चमचा कपड्यांचं साधं ब्लीच. (रस आणि ब्लीच पाण्याबाहेर एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.) नुसती साखर घालणारे बरेच आहेत, त्यात फुलापेक्षा जिवाणूंचीच चंगळ होते. फुलं टिकावीत म्हणून काहीजण पाण्यात तांब्याचं नाणं टाकतात, त्यावर आमचा विश्वास नाही.

जरबेऱ्याचं सगळं उलटं. त्याचा लवदार देठ जास्त पाण्यात सडतो, म्हणून पाणी चार बोटं पुरे. गुलछडी आणि ग्लॅडिओलस खालून वर फुलत जातात. खालची सुकलेली फुलं रोज खुडा, वरच्या कळ्या उमलतील. ग्लॅडिओलस आडवा ठेवला तर शेंडा वर वळतो आणि मग सरळ होत नाही. लिलियम उमलताच आतले पराग चिमटीने काढा. सोफ्यावर पडले तर ओलं फडकं लावू नका, चिकटपट्टीने उचला. शेवंतीची पानं फुलाआधी पिवळी पडतात, ती काढली की झालं.

फुलदाणी टीव्हीशेजारी, खिडकीतल्या उन्हात किंवा थेट पंख्याखाली नको. आणि मे महिन्यात आंब्याच्या अढीजवळ तर मुळीच नको. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो. कार्नेशन त्याने पाकळ्या मिटून घेतं, ऑर्किडही लवकर कोमेजतं. घरच्या फ्रिजमध्ये फळं असतील तर तिथेही हेच. पूजेची सुटी फुलं आणि गजरा मात्र न धुता, ओलसर फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात घाला आणि फळांपासून लांब, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा.

गुलाबाने मान टाकलीच, तर लगेच टाकून देऊ नका. फुलासकट कागदात सरळ गुंडाळा, टोक पुन्हा कापा आणि कोमट पाण्यात गळ्यापर्यंत तासभर उभा ठेवा. फूल पाण्याबाहेर राहू द्या. बहुतेक वेळा मान वर येते. नाहीच आली आणि फुलं नेऊन दोन दिवस झाले नसतील, तर फुलं आणि पावती घेऊन दुकानात या.