इजिप्तमधली ‘फेसबुक क्रांती’ आणि बंद पडलेलं इंटरनेट

२०११ साली इजिप्तमध्ये राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक यांची सत्ता फेसबुकने उलथवली, असं आजही सर्रास ठोकून दिलं जातं. तारखा पाहिल्या की हा दावा लंगडा पडतो. २५ जानेवारीला मोर्चे निघाले. २७ च्या रात्री सरकारने जवळपास सगळं इंटरनेट तोडलं, पाठोपाठ मोबाइलही बंद पाडले. फेसबुकच आंदोलन चालवत असतं, तर २८ ला सगळं थंड पडायला हवं होतं. झालं उलटंच. तो शुक्रवार होता. जुम्म्याची नमाज आटोपून लोक मशिदींतून थेट रस्त्यावर उतरले. मोबाइल लागेना, म्हणून काय चाललंय ते बघायलाही माणसं बाहेर पडली. (सरकारने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, दुसरं काय!) नेट परतलं २ फेब्रुवारीला. पुढे कामगारांचे संप पेटले आणि ११ ला मुबारक पायउतार झाले.

मग फेसबुकचं काहीच श्रेय नाही? आहे की. २०१० मध्ये अलेक्झांड्रियात पोलिसांच्या मारहाणीत मेलेल्या खालेद सईदच्या नावाने निघालेल्या पेजवरूनच २५ तारखेची हाक फिरली. पण ज्यांच्या घरी नेटच नव्हतं, त्यांच्यापर्यंत ती पोचवली पत्रकांनी, अल जझीरा या वृत्तवाहिनीने आणि गल्लीतल्या ओळखीपाळखीने.