शालेय शिक्षणातील मुक्त सॉफ्टवेअर

ज्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) पाहण्याची, त्यात बदल करण्याची आणि प्रती वाटण्याची मुभा परवान्यातच असते, अशा सॉफ्टवेअरचा शाळांच्या संगणक कक्षांत व अध्यापनात होणारा वापर. लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिम, लिबरऑफिस (कार्यालयीन कामासाठी), जीकॉम्प्री (मुलांचे शैक्षणिक खेळ), टक्स पेंट (चित्रे काढण्यासाठी) ही नेहमीची उदाहरणे.

‘मुक्त सॉफ्टवेअर’ ही संकल्पना रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये घोषित केलेल्या ग्नू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाशी निगडित आहे. ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा 1998 मध्ये रूढ झाली. पहिलीत वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर भर आहे, दुसरीत विकासाच्या पद्धतीवर. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे वेगळे शब्द असल्याने इंग्रजीतील ‘फ्री’ या एकाच शब्दाने होणारा घोटाळा टळतो, म्हणून येथे पहिली संज्ञा स्वीकारली आहे.

शालेय वापराचा आरंभ कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. मेक्सिकोतील ‘रेड एस्कोलार’ योजनेचा उल्लेख अनेकदा प्रथम होतो. सुमारे 1,40,000 शाळांच्या संगणक कक्षांत लिनक्स बसवण्याचा तो संकल्प 1998 चा. प्रत्यक्षात त्यातले फारच थोडे उतरले. संकल्पाऐवजी टिकून राहिलेले काम हा निकष लावल्यास नॉर्वेतील स्कोलेलिनक्स (2001) आणि स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा प्रांतातील लिनेक्स (2002) या लिनक्सवर आधारित प्रणालींना अग्रक्रम द्यावा लागतो, आणि तोच निकष अधिक ग्राह्य वाटतो.

कमी खर्चाच्या दृष्टीने ‘थिन क्लायंट’ रचनेचे महत्त्व मोठे आहे. 1999 च्या सुमारास सुरू झालेल्या लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रकल्पाने ती शाळांपर्यंत नेली. तीत एक बऱ्यापैकी ताकदीचा सर्व्हर असतो. बाकीचे जुने संगणक (टर्मिनल) हार्ड डिस्कशिवाय, नेटवर्क कार्डवरून सुरू होतात. गणनेचे बहुतेक काम सर्व्हरवर होते व टर्मिनलवर केवळ पडदा, कळफलक आणि माउस चालतो. नवे सॉफ्टवेअर एकदाच, एकाच ठिकाणी बसवावे लागते. वीज अवचित गेली तरी टर्मिनलवरील फाइल प्रणाली बिघडत नाही, कारण तेथे डिस्कच नसते. सर्व्हरला मात्र यूपीएस हवाच. दोषही उघड आहे: सर्व्हर बंद पडला की सारा कक्ष बंद.

भारतात सर्वांत व्यापक प्रयोग केरळचा. प्रा. यू. आर. राव यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाच्या शिफारशींनंतर 2001 मध्ये ‘आयटी@स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. 2017 मध्ये त्याचे ‘काइट’ या सरकारी संस्थेत रूपांतर झाले. खासगी मालकीच्या (मुक्त नसलेल्या) सॉफ्टवेअरवर बेतलेल्या अभ्यासक्रमाला शिक्षक संघटनेने केलेल्या विरोधाचा, त्या दशकात मुक्त सॉफ्टवेअरकडे वळलेल्या धोरणात मोठा वाटा मानला जातो. 2019 मध्ये काइटने 2 लाखांहून अधिक संगणकांमागे सुमारे 3,000 कोटी रुपयांची बचत सांगितली. हा हिशेब संगणकामागे दीड लाख रुपयांच्या परवान्यांचा होतो. एवढे सॉफ्टवेअर शाळांनी एरवी विकत घेतलेच असते असे नाही, तेव्हा हा आकडा कमाल मर्यादा समजावा. केरळचे खरे यश शिक्षकांच्या प्रशिक्षणात आहे: कक्ष चालवणारे, पाठ्यपुस्तक शिकवणारे आणि अडलेले यंत्र सुरू करणारे हात शाळेतलेच होते. परवाना फुकट मिळाला पण असा शिक्षक नसला, तर संगणकांवर धूळ साचते.

महाराष्ट्रात कर्जत तालुक्यातील खैरात-धनगरवाडा येथे 2007 मध्ये ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ उपक्रमाचे यंत्र व त्यातील शुगर ही मुक्त प्रणाली छोट्या शाळेत वापरली गेली. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या, मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या ध्वनिचित्रफितींचे पाठ मराठीतही आहेत. गोव्यात 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत परदेशातून आलेले वापरलेले संगणक शाळांना देण्यात आले.

मराठी शाळांची एक अडचण स्वतंत्र आहे. प्रश्नपत्रिका आणि दाखल्यांचे नमुने वर्षानुवर्षे युनिकोडपूर्व (युनिकोड ही सर्व लिप्यांची सामायिक संकेतप्रणाली येण्याआधीच्या) फॉन्टांत टंकलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ते उघडले की रोमन अक्षरांची व चिन्हांची रांग दिसते, आणि दोष लिनक्सच्या माथी मारला जातो. युनिकोड रूपांतरकाने मजकूर बदलून घेता येतो, पण जोडाक्षरे व रफार हाताने तपासावे लागतात. शाळेच्या कार्यालयात या कामाला बराच वेळ जातो.