बाळाला उचलून घेतल्याने ते लाडावतं का?

‘रडलं की लगेच घेऊ नकोस, हाताची सवय लागेल,’ हे प्रत्येक बाळंतिणीला ऐकावं लागतं. हे खरं नाही. तान्ह्या बाळाला हट्ट करताच येत नाही. भूक, ओलं दुपटं, एकटेपणा सांगायला त्याच्याकडे रडणं एवढंच असतं. 1986 साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी काही आयांना बाळ रोज किमान तीन तास जवळ घ्यायला सांगितलं, रडत नसतानाही. सहा आठवड्यांची झाल्यावर ती बाळं इतर बाळांपेक्षा 43 टक्के कमी रडत होती! खांद्यावर टेकवलं, पाठीवरून हात फिरवला, की आवळलेली मूठ हळूहळू सुटते, पाहा. म्हणून आज्ज्यांनो, सुनेला अडवू नका. ती दमली असेल तर बाळ तुम्ही घ्या.