पार्श्वभूमी : फोनवरचा डॉक्टर आणि अठराची अट

लैंगिक आरोग्याचा सल्ला दुरून देण्याची रीत मोबाइलच्या कितीतरी आधीची. १९२७ पासून मुंबईहून निघणाऱ्या एका मासिकात वाचकांच्या पत्रांना उत्तरे मिळत. संपादकांना अश्लीलतेच्या खटल्यांत दंडही झाला.

किशोरवयीनांसाठी सरकारी सोय आली ती २००५-०६च्या सुमारास. महाराष्ट्रात ती 'मैत्री' क्लिनिक म्हणून ओळखली जाते. २०१४च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने १० ते १९ हा वयोगट धरला. पण समुपदेशकाच्या खोलीआधी केसपेपरची खिडकी लागते. तिथे नाव, गाव आणि 'काय होतंय?' हे मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, की 'अंगावरून पांढरं जातं' म्हणायला आलेली मुलगी 'डोकं दुखतं' सांगून मोकळी होते.

म्हणून फोनवरून उपचाराची वाट खुली झाली तेव्हा अपेक्षा मोठी होती. २५ मार्च २०२० रोजी, देशभर टाळेबंदी लागू झाली त्याच दिवशी, टेलिमेडिसिनची नियमावली आली. एप्रिलमध्ये घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याची सरकारी सेवाही सुरू झाली.

घोळ आहे तो याच नियमावलीत. औषध लिहून देण्याआधी वय विचारायचे, शंका आली तर पुरावा मागायचा आणि रुग्ण अल्पवयीन असेल तर सोबत ओळख पटलेली प्रौढ व्यक्ती असल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. ही व्यक्ती आई-वडीलच हवी असे त्यात नाही. मग आशाताई चालतील? मोठी मावसबहीण? नियम गप्प. लहान मुलाच्या तापाला ही अट शहाणपणाची आहे. सतरा वर्षांच्या मुलीला मात्र ती जिच्यापासून लपवायचे तिलाच शेजारी बसवायला लावते. त्यात ओटीपी येतो तो बहुधा वडिलांच्या फोनवर.

डॉक्टरांचीही बाजू आहे. २०१२च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने अठराखालील संमती अमान्य केली आणि असे प्रकरण कळूनही पोलिसांना न कळवणे हा गुन्हा ठरवला. त्यामुळे दोघांच्या राजीखुशीची हकीकतही डॉक्टरांना दाबून ठेवता येत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन मुलीचे नाव उघड न करण्याची मुभा दिली, पण ती गर्भपातापुरती आणि मुलगी व पालकांनी विनंती केली तरच.

तातडीची गर्भनिरोधक गोळी मात्र २००५ पासून मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते.